जुनी लाल गिटार घ्यावी का?

वाचकाचं पत्र :

सर, मी २७ वर्षांचा. शिरोली एमआयडीसीत मशीन शॉपला आहे आणि सीझनला ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. आमच्या ओळखीतले एक काका जुन्या काळी ऑर्केस्ट्रात लीड वाजवायचे. ते आता नाहीत. त्यांची लाल इलेक्ट्रिक गिटार काकू विकायला काढतायत. खुंट्या असतात त्या टोकाला, हेडस्टॉकवर, 'फेंडर' लिहिलंय. काका सांगायचे, १९६४ ची स्ट्रॅटोकास्टर आहे, मुंबईत जहाजावरच्या माणसाकडून घेतली. काकूंना १ लाख ४० हजार हवेत. माझ्याकडं ८० हजार साठलेत, राहिलेले पतसंस्थेतून काढीन. तारांचा आवाज पकडणारा मधला पिकअप वाजत नाही, फ्रेट (बोटांखालच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) झिजलेत, रंग काकांनी गॅरेजमध्ये मारून घेतला होता. घर शाहूपुरीत. २०१९ च्या पुरात पाणी आलं होतं, पण गिटार माळ्यावर होती म्हणतात. सोबत काकांचा जुना ॲम्प फुकट देतो म्हणाल्यात. आई म्हणते, जुन्या लाकडाला एवढे पैसे कशाला? मित्र म्हणतात, घेऊन ठेव, पाच वर्षांत दुप्पट होतील. चार फोटो जोडलेत. काय करू?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर :

नमस्कार. तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत, ते आधी सोडवून घेऊ. ही गिटार वाजवायला चांगली आहे का, हा एक. ती सांगितली जाते तीच आहे का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर तुमचे हात आणि कान एका दुपारी देतील. दुसऱ्याचं उत्तर स्क्रू सोडल्याशिवाय मिळणार नाही. पहिल्यासाठी पैसे मोकळ्या मनानं मोजा. दुसऱ्यासाठी जेवढं सिद्ध होईल तेवढेच मोजा, एक रुपया जास्त नको.

फोटोंवरून एक गोष्ट आत्ताच सांगता येते. ही गिटार १९६४ ची नाही. त्या सालच्या स्ट्रॅटोकास्टरचा, म्हणजे स्ट्रॅटचा, हेडस्टॉक लहान असायचा; तुमच्या फोटोतला मोठा आहे, आणि तसा मोठा हेडस्टॉक फेंडरनं १९६५ सरता सरता आणला. १९६४ ला नेक, म्हणजे गिटारीची लांब दांडी, बॉडीला चार स्क्रूंनी जोडलेला असायचा. तुमच्या तिसऱ्या फोटोत पाठीमागच्या पट्टीवर तीनच स्क्रू दिसतात, आणि स्ट्रॅटवर ती पद्धत १९७१ ला सुरू होऊन १९८१ पर्यंत चालली. तिसरी खूण लाकडाची. १९६४ ला स्ट्रॅटचा फिंगरबोर्ड, म्हणजे नेकवरची बोटं दाबायची फळी, शिसवीचा असायचा. तुमच्या फोटोत तो मेपलचा आहे आणि नेकच्या पाठीवर मधोमध एक गडद पट्टी गेलीय. एकसंध मेपलच्या नेकमध्ये ट्रस रॉड (नेकचा बाक सांभाळणारी आतली सळई) पाठीमागून बसवतात आणि ती खाच अक्रोडाच्या पट्टीनं बुजवतात. शिसवीचा बोर्ड वर चिकटवायचा असेल तर रॉड वरून आत जातो, त्यामुळं त्या काळच्या शिसवीच्या नेकवर ही पट्टी दिसत नाही.

काका खोटं बोलत होते, असा याचा अर्थ मुळीच नाही. जहाजावरच्या माणसानं जे साल सांगितलं ते त्यांनी विश्वासानं धरलं असेल. १९६४ हे साल विकणाऱ्यांच्या तोंडी वारंवार येतं, त्याला कारण आहे. जानेवारी १९६५ मध्ये फेंडर कंपनी सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीनं विकत घेतली, आणि त्याच्या आधीच्या गिटारींना संग्राहक फार मोठी किंमत देतात. खरी, कुणाचा हात न लागलेली १९६४ ची स्ट्रॅट परदेशच्या बाजारात दहा लाख रुपयांच्या वर सहज जाते. तीच गिटार कुणी १ लाख ४० हजारांना देत असेल, तर एक तर देणाऱ्याला ठाऊक नाही किंवा गिटार ती नाही. दोन्ही वेळा घाई करणं बरोबर नाही.

मग ही आहे तरी कोणती? तीन शक्यता राहतात. १९७१ ते १९८१ मधली खरी अमेरिकन स्ट्रॅट. सत्तरच्या दशकातली जपानी नक्कल. किंवा चार ठिकाणचे भाग जमवून उभी केलेली गिटार. आपल्याकडं १९९१ च्या आधी परदेशी वाद्य सरळ दुकानात जाऊन घेणं जवळपास अशक्य होतं. बोटीवरचे खलाशी, आखातातून येणारे नातेवाईक, मुंबईतले दलाल, अशाच वाटेनं गिटारी यायच्या. कोलकात्याची गिवसनसारखी देशी गिटार बहुतेकांच्या हातात असायची, आणि स्टेजवर शोभावी म्हणून हेडस्टॉकवर परदेशी नाव लावून घेणारेही होते. म्हणून हेडस्टॉकवरच्या नावाला पुरावा म्हणून काहीच वजन देऊ नका. तो एक पातळ स्टिकर असतो, कुणीही लावू शकतो.

आता काकूंच्या घरी जा, पण पहिल्या दिवशी स्क्रूड्रायव्हर नेऊ नका. नुसती वाजवायला जा. आपल्याकडं म्हैस घेताना दोन वेळची धार काढून बघितल्याशिवाय कुणी पैसे मोजत नाही, इथंही तेच. सोबत तुमचा नेहमीचा, ज्याचा आवाज कानाला पाठ आहे तो ॲम्प न्या, ट्यूनर न्या, आणि शॉपमधला फट मोजायचा फीलर गेज आणि व्हर्नियर. तुमच्या हातात ही हत्यारं रोज असतात, हा तुमचा मोठा फायदा आहे. बहुतेक गिटार घेणारे अंदाजानं बोलतात, तुम्ही मोजून बोलाल.

गिटार ट्यून करा आणि आधी ॲम्पला न लावता वाजवा. चांगली इलेक्ट्रिक गिटार कोरडी वाजवली तरी बॉडीत थरथर जाणवते, स्वर रेंगाळतो. मग हेडस्टॉकच्या बाजूनं डोळा लावून नेकच्या दोन्ही कडांवरून नजर टाका. किंचित पुढं झुकलेला बाक चालतो, तो लागतोच. पण एक कड एकीकडं आणि दुसरी दुसरीकडं जात असेल तर नेक पिळलाय, आणि पिळलेल्या नेकवर पैसे घालू नका, मग नाव कुणाचंही असो. बाक मोजायचा असेल तर जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात फीलर गेज सरकवा. ०.२ ते ०.३ मिलिमीटर असेल तर छान. याच्या दुप्पट-तिप्पट असेल तर ट्रस रॉडनं तो कमी होतो का, हे बघावं लागेल.

ट्रस रॉडबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण जुन्या गिटारीचं आयुष्य तिथं ठरतं. तीन स्क्रूंच्या स्ट्रॅटमध्ये रॉडचा नट हेडस्टॉकवर, बंदुकीच्या गोळीसारखा बाहेर आलेला असतो. त्याला १/८ इंची ॲलन की लागते, म्हणजे ३.१७५ मिलिमीटर. तुमच्या खिशातली ३ मिलिमीटरची चावी त्यात जाते, फिरतेही, आणि आतले कोपरे गोल करून टाकते. आधीच्या मालकानं ते केलंय का, हे टॉर्च लावून बघा. काकूंची परवानगी घेऊन तारा सैल करा आणि बरोबर मापाच्या चावीनं नट आधी पाव फेरी सोडून बघा, मग तेवढाच परत आवळा. मोकळा फिरला तर चांगलं. आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल, किंवा गंजून जाम असेल, तर जोर लावू नका. तसा नेक म्हणजे मोठा खर्च आणि तोही यशाची खात्री नसलेला.

मग प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवा. कंटाळा येईल, तरी करा. कुठं स्वर मरतो, कुठं खरखरतो, ते कागदावर लिहा. बारीक दोन तारांवर बाराव्या फ्रेटच्या पुढं बेंड करा, म्हणजे तार दाबून बाजूला ओढा. स्वर मध्येच गळा दाबल्यासारखा बंद झाला तर फ्रेट असमान आहेत. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) आणि तिथंच दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर जुळवा. थोडा फरक ब्रिजचे (तारांच्या बॉडीकडच्या आधाराचे) सॅडल सरकवून जातो. सॅडल शेवटाला टेकूनही फरक राहत असेल, तर ब्रिज किंवा नेक चुकीच्या जागी बसलाय. नट (रॉडचा नट नव्हे, हेडस्टॉकपाशी तारांखाली असलेली खाचांची पट्टी) ते ब्रिज लांबी स्ट्रॅटमध्ये ६४८ मिलिमीटर असते. नटच्या आतल्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंत बरोबर ३२४ यायला हवेत.

आणखी एक खोड या तीन स्क्रूंच्या पिढीत असते. एका हातानं बॉडी धरा आणि दुसऱ्या हातानं नेक बाजूला ढकला. काही गिटारींत नेक आपल्या खोबणीत सरकतो आणि बारीक तार बोर्डच्या कडेवरून खाली घसरते. सत्तरच्या दशकातल्या उत्तरार्धातल्या स्ट्रॅटना यामुळंच नावं ठेवली गेली. स्क्रू आवळून, पातळ तुकडा घालून बऱ्याचदा काम भागतं, पण वाजवताना सूर हलत असेल तर तो दोष किमतीत धरा.

फ्रेट झिजलेत म्हणून घाबरू नका. झिजलेले फ्रेट म्हणजे कुणीतरी या गिटारीवर मनापासून वाजवलंय, आणि न आवडणाऱ्या गिटारीवर माणूस वीस वर्षं वाजवत नाही. मला तर कोऱ्या फ्रेटची जुनी गिटार जास्त संशयास्पद वाटते. व्हर्नियरच्या मागच्या काडीनं फ्रेटची उंची मोजा. नवा फ्रेट साधारण १ मिलिमीटर उंच असतो. ०.६ च्या खाली गेला असेल तर घासून सारखा करायला माल उरलेला नाही, नवे घालावे लागतील. मेपलच्या बोर्डवर लॅकर असतं, त्यामुळं ते काम शिसवीपेक्षा जिकिरीचं आणि महाग पडतं. हे काम कुणाला द्यायचं, याचा आधी विचार करा. मिरजेच्या सतारमेकरांच्या कानाला आणि हाताला तोड नाही, हाडाचा नट ते अप्रतिम घडवतील. पण गिटारीचे फ्रेट ज्यानं रोज बदललेत अशा माणसाकडंच नेक द्या, त्यासाठी पुण्या-मुंबईला जावं लागलं तरी.

एवढं होऊन गिटार हाताला आवडली नाही, तर पुढचं काही वाचायची गरज नाही. काकूंचे आभार माना आणि निघा. आवडली, तर दुसऱ्या दिवशी स्क्रूड्रायव्हर घेऊन जा. काकूंना आधी नीट सांगा की काय उघडणार आहात आणि का. त्यांच्या समोर, त्यांच्याच टेबलावर चादर अंथरून उघडा. नवऱ्याची वस्तू आहे ती, कोपऱ्यात नेऊन खोलू नका.

तारा काढा आणि सगळ्यात आधी पाठीमागचं प्लास्टिकचं झाकण काढा. आत स्प्रिंगा दिसतील. तिथल्या लाकडाच्या कडेवर टॉर्च मारा. खऱ्या स्ट्रॅटची बॉडी ॲल्डर किंवा ॲशच्या भरीव लाकडाची असते. तुकडे जोडलेले असतील, पण रेषा आरपार जाताना दिसतील. जपानी स्वस्त नकलांत बऱ्याचदा प्लायवूड असतं, आणि त्याचे एकावर एक थर इथं लपत नाहीत. थर दिसले, की फेंडरचा प्रश्न तिथंच संपला.

स्प्रिंगा ज्या ठोकळ्यात अडकवलेल्या असतात, त्याला लोहचुंबक लावा. कोल्हापूरसारख्या कास्टिंगच्या गावात हे तुम्हाला वेगळं समजावायला नको. १९७१ च्या आधी फेंडर हा ठोकळा पोलादाचा करायची, चुंबक घट्ट बसतो. त्यानंतर ब्रिज आणि ठोकळा जस्ताच्या मिश्रधातूचा, डायकास्ट, एकसंध आला. त्याला चुंबक चिकटत नाही. म्हणजे चुंबक चिकटला नाही तर ते सत्तरच्या दशकाशी जुळतं. पण नकलांचे ठोकळेही जस्ताचेच असतात, त्यामुळं यानं फेंडर सिद्ध होत नाही. इथं व्हर्नियर कामी येईल. फेंडरच्या जुन्या ब्रिजवर पहिल्या आणि सहाव्या तारेतलं अंतर २ ७/३२ इंच, म्हणजे ५६.४ मिलिमीटर असतं. जपानी नकलांत ते बरेचदा कमी भरतं. मोजणं इंचात बसतंय की मिलिमीटरमध्ये, एवढ्यावरून सुद्धा वस्तू कुठल्या कारखान्यातून आली याचा सुगावा लागतो.

आता पिकगार्ड (बॉडीवरचं प्लास्टिकचं पान) उचला. आवाजाच्या आणि टोनच्या बटणांखालच्या पॉटवर कोरलेले आकडे वाचा. १३७ नं सुरू होणारा आकडा सीटीएस कंपनीचा, ३०४ नं सुरू होणारा स्टॅकपोलचा. त्यापुढचे दोन आकडे साल आणि शेवटचे दोन आठवडा. १३७७४२१ म्हणजे सीटीएसनं १९७४ च्या एकविसाव्या आठवड्यात केलेलं पॉट. गिटार त्याच्या आधीची असू शकत नाही, नंतरची असू शकते; फेंडरनंच १९६६ मध्ये पॉटचा इतका मोठा साठा घेतला होता की तो पुढं कित्येक वर्षं वापरात राहिला. अर्थात हे सोल्डर मूळचं असेल तरच लागू. मूळ सोल्डरचा थेंब फिका, मळकट पडलेला असतो. त्याच्यावर चकचकीत नवा थेंब दिसला तर पॉट बदललंय किंवा वायर हलवलीय. पॉटचा व्यासही मोजा. अमेरिकन पॉट साधारण २४ मिलिमीटरचं, छोटं १६ चं असेल तर ते जपानी किंवा नंतर बसवलेलं. स्विचही बघा : पाच खाचांचा स्विच फेंडरनं १९७७ पासून दिला, त्याआधी तीन खाचांचा होता. पण तो बदलणं इतकं सोपं आणि इतकं सर्रास होतं, की यावरून साल ठरवू नका.

तुमचा बंद पडलेला मधला पिकअप. आधी मल्टिमीटर लावा. स्ट्रॅटचा पिकअप साधारण साडेपाच ते साडेसहा किलोओहम दाखवतो. तेवढं दाखवत असेल तर पिकअप जिवंत आहे, दोष स्विचचा किंवा वायरचा, आणि खर्च किरकोळ. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटलीय. ती तार अवघी ०.०६ मिलिमीटरची असते, केसाइतकी. आपल्या दमट हवेत ती बहुतेक वेळा सुरुवातीच्या टोकापाशी हिरवी पडून तुटते, आणि तसं असेल तर टोक शोधून पुन्हा सोल्डर करता येतं. कृपा करून तो मोटर वाइंडिंगच्या दुकानात देऊ नका. ती माणसं आपल्या कामात पक्की असतात, पण त्यांची तार आणि हत्यारं या कामाच्या कित्येक पट जाड. काकूंनाही सांगा, विकण्याआधी दुरुस्त करून घेऊ नका म्हणून. मूळचा बंद पिकअप हा नव्या चालू पिकअपपेक्षा मोलाचा असतो.

पिकअप उलटा करून बघाच. फेंडरच्या पिकअपमध्ये सहा गोल कांड्या असतात आणि त्या स्वतःच चुंबक असतात. खाली एक आडवी पट्टी चिकटवलेली दिसली आणि वरच्या कांड्या नुसत्या लोखंडाच्या असतील, तर ते स्वस्त बनावटीचं काम आहे. मला विचाराल तर या गिटारीतली सगळ्यात बोलकी जागा हीच. नाव खोडता येतं, रंग मारता येतो, पण आतल्या पिकअपची बनावट कुणी उगाच खोटी करत बसत नाही.

राहिला नेकचा तळ. तीन स्क्रू सोडले की नेक बाहेर येतो. त्याच्या तळावर शिक्का असतो, आणि त्यात एक चकवा आहे. '२२ मार्च ७२ बी' असा शिक्का दिसला तर ती २२ मार्च तारीख नव्हे. २२ हा स्ट्रॅटोकास्टरच्या नेकचा क्रमांक, मग महिना आणि साल, आणि 'बी' म्हणजे नटची रुंदी १ ५/८ इंच, म्हणजे ४१.३ मिलिमीटर. १९७३ च्या आसपास ही पद्धत बदलून लांबलचक आकड्यांची झाली. शिक्का पुसलेलाही असू शकतो. नेकच्या स्क्रूंच्या मागच्या पट्टीवर कारखान्याचा क्रमांक असेल तर तो १९७६ च्या आधीचा असायला हवा. त्यानंतर क्रमांक हेडस्टॉकवर गेला, 'एस ७', 'एस ८' असा. तुमच्या फोटोत पट्टीवर क्रमांक नीट दिसत नाही, आणि हेडस्टॉकवरही नाही. पट्टी कोरी निघाली तर शक्य आहे की गॅरेजमध्ये हेडस्टॉक घासताना क्रमांक गेला आणि नाव पुन्हा लावलं गेलं. तसं असेल तर उरलेल्या खुणांवरच भिस्त.

नेक काढलाच आहे तर त्या खोबणीत रंग बघा. गॅरेजमध्ये मारलेल्या ड्युकोची, म्हणजे मोटारींच्या रंगाची, इथं एक गंमतशीर बाजू आहे. फेंडरचे खास रंगही मुळात ड्युपाँ कंपनीचे मोटारींचेच रंग होते. म्हणून नुसता मोटारीचा लाल आहे, एवढ्यावरून तो नंतर मारलाय असं म्हणता येत नाही. खोबणीत, पिकगार्डखाली, स्क्रूच्या भोकांत खाली दुसरा थर दिसतो का बघा. नोटा तपासायचा निळा अल्ट्राव्हायोलेट दिवा अंधारात धरला तर जुनं नायट्रोसेल्युलोज लॅकर हिरवट चमकतं आणि नवा थर वेगळा, काळपट उठून दिसतो. फक्त एक लक्षात ठेवा : सत्तरच्या दशकात फेंडर जाड पॉलिएस्टरचा थर देत होती, त्यामुळं मूळचा रंगसुद्धा चमकेलच असं नाही. ॲसिटोन, थिनर लावून बघायचा मोह टाळा. खाली मूळ रंग असला तर तो त्या थेंबातच जाईल. गिटार घेतलीत तरी हा लाल रंग खरवडू नका. काकांनी मारून घेतलेला रंग आहे, आणि खरवडल्यानं मूळची किंमत परत येत नाही.

पुराबद्दल काकूंचं म्हणणं खरं असेल, पण २०१९ ला शाहूपुरीत पाणी किती चढलं होतं ते तुम्ही बघितलंय, आणि २०२१ ला पुन्हा आलं. पाण्यात राहिलेली गिटार स्वतः सांगते. पिकगार्डच्या आतल्या कोपऱ्यांत बारीक गाळ राहतो, कितीही पुसला तरी. लाकडात शिरलेल्या स्क्रूंची टोकं गंजतात. वरची डोकी घासून चकचकीत करता येतात, टोकं कुणी करत नाही. म्हणून प्रत्येक भागाचा एक तरी स्क्रू पूर्ण बाहेर काढून बघा. केस असेल तर आतल्या मखमलीचा वास घ्या. माळ्यावर राहिलेल्या गिटारीलाही आपला पावसाळा लागतोच, थोडा गंज असणारच. गाळ असणार नाही.

आता पैसे. मूळ रंग गेलेल्या जुन्या गिटारीची किंमत संग्राहकांच्या बाजारात साधारण निम्म्यावर येते, हा व्यापारातला सर्वमान्य ठोकताळा आहे. नेक, बॉडी, ब्रिज, पिकअप सगळं एका काळातलं फेंडरचं निघालं, तर माझ्या मते फ्रेट आणि पिकअपचा खर्च वजा जाता एक लाखाच्या आसपास हा तुम्हालाही आणि काकूंनाही न्याय देणारा भाव आहे. चांगल्या लाकडाची जपानी निघाली, तर तीस-चाळीस हजार. तिला कमी लेखू नका. सत्तरच्या दशकाच्या शेवटी जपानी कारखाने इतकं सरस काम करू लागले होते की १९८२ मध्ये फेंडरनं स्वतःच जपानमध्ये गिटारी बनवून घ्यायला सुरुवात केली. प्लायवूडची किंवा जमवलेली निघाली, तर आठ-दहा हजार, आणि तेही हाताला आवडली तरच.

जे सापडेल ते काकूंना जसंच्या तसं सांगा. भाव पाडायला वाईट तेवढं सांगून चांगलं दडवू नका. माझ्या अंदाजाच्या पलीकडं काही निघालं, एखादा भाग खरोखर दुर्मीळ असला, तर तेही सांगा आणि त्यांना मुंबईत दुसऱ्या जाणकाराला दाखवू द्या. घरातला कमावता माणूस गेल्यावर वस्तू विकणाऱ्या बाईकडून तिच्या अज्ञानाचा फायदा घेऊन घेतलेली गिटार तुम्हाला मंडपात उभं राहून सुखानं वाजवता यायची नाही.

मित्रांचं 'दुप्पट होतील' हे विसरून जा. किमती वाढतात त्या हात न लागलेल्या, कागदपत्रं असलेल्या गिटारींच्या. रंग बदललेली, क्रमांक नसलेली गिटार कोल्हापुरात विकायला काढाल तेव्हा तुमच्यासारखाच एखादा वाजवणारा शोधावा लागेल, आणि तो वाजवायचेच पैसे देईल. म्हणून पतसंस्थेचं कर्ज काढू नका. तुमच्या ८० हजारांत बसली तर घ्या. खरी निघाली आणि थोडे कमी पडले, तर काकूंना दोन हप्त्यांचं विचारा. ओळखीतलं घर आहे, बहुधा ऐकतील. आईंना सांगा की जुन्या लाकडाला नाही, रोज कमाई करून देणाऱ्या हत्याराला पैसे देतोय. आणि तसं नसेल, नुसती भिंतीवर लावायची असेल, तर आई बरोबर बोलतायत.

काकांचे ऑर्केस्ट्रातले जुने फोटो काकूंकडं असतील, त्यात ही गिटार कधीपासून दिसते ते बघा. रंग बदलायच्या आधीचा एक फोटो सापडला तर त्याची प्रत मागून घ्या. व्यवहार झाला की साध्या कागदावर काय घेतलं, कोणते भाग कसे निघाले, किती दिले, हे लिहून दोघांच्या सह्या करा.

शेवटी तो फुकटचा ॲम्प, आणि हे सगळ्यात काळजीपूर्वक वाचा. तो घरी आणून लगेच प्लगमध्ये घालू नका. गिटारीसोबत बोटीवरूनच आला असेल तर तो अमेरिकेच्या ११७-१२० व्होल्टचा किंवा जपानच्या १०० व्होल्टचा असू शकतो. आपल्या २३० वर लावलात तर ट्रान्सफॉर्मर क्षणात जळेल. मागच्या पट्टीवरचा व्होल्टेज वाचा. काकांनी वेगळा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर वापरला असेल, तोही मागून घ्या. आत काचेचे व्हॉल्व्ह दिसत असतील तर झाकण उघडून हात घालू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्टची वीज राहू शकते. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या ॲम्पचे कपॅसिटर सुकलेले असतात, ते जुन्या व्हॉल्व्हच्या कामाची माहिती असलेल्या माणसाकडून आधी बदलून घ्या. तोवर गिटारीची परीक्षा तुमच्या स्वतःच्या ॲम्पवरच करा.